पुळणीवरचा ठिपकेवाला पतंग: या चुका टाळा

गुहागरच्या पुळणीवरून सुरूच्या बनाकडे जाताना पायाजवळून काहीतरी पांढुरकं उडतं आणि चार हातांवर जाऊन पुन्हा गवतात बसतं. आपण म्हणतो, फुलपाखरू! पहिली चूक हीच. हा युटेथेइसा, भर उन्हात उडणारा पतंग. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, याची मिशी सुतासारखी. बसला की पंख अंगाभोवती गुंडाळून घेतो. काडीला चिकटलेला कागदाचा कपटाच वाटतो.

फक्त बसलेल्याचा फोटो काढून थांबू नका. पुढच्या पांढऱ्या पंखांवरचे लाल-काळे ठिपके दिसतात, पण मागचे पंख झाकलेले असतात. ते पांढरे, काळ्या वेड्यावाकड्या काठाचे. नारिंगी पंखांवर काळे ठिपके दिसले तर तो अर्जिना, याचाच दूरचा भाऊबंद. दोघांचे सुरवंट एकाच झाडावर वाढतात, त्यामुळे नुसत्या झाडावरून निकाल देऊ नका.

झाड म्हणजे खुळखुळा. मी मात्र दोन हिवाळे मर्यादवेलीची पानं उलटीपालटी करत बसलो होतो! वाळलेली शेंग हलवा. वाजायला हवी ती मुकी निघाली, तर तिच्यावर भोक शोधा. एकदा अशी शेंग उकलली, तर आत पोखरलेल्या बिया, काळी बारीक लेंडकं आणि मधोमध साहेब: काळपट अंग, पांढऱ्या रेघा, प्रत्येक वळ्यावर नारिंगी पट्टा, विरळ केस.

खुळखुळ्यात विष असतं. सुरवंट ते झाडातूनच घेतो, म्हणून तो पक्ष्यांना कडू लागतो. घरी पाळायचा तर त्याला पालक-कोथिंबीर देऊ नका, खुळखुळ्याच्याच ताज्या शेंगा द्या आणि तळाशी पालापाचोळा घाला. कोष तिथे होतो. उरलेल्या शेंगा शेळीपुढे टाकू नका, गुरांना त्या बाधतात.

वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यावर रात्री दिवा आणि पांढरी चादर लावून पतंग बोलावू नका. नुकती बाहेर पडलेली पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे वळतात. हा पतंग तर दिवसाही दिसतो.

राहिलं नाव. पुल्केला (स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये नोंदवलेली) आणि लॉट्रिक्स या युटेथेइसाच्या दोन जाती फोटोवरून खात्रीने वेगळ्या करणं अवघड; त्यासाठी नराचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. नोंदीत ‘युटेथेइसा’ एवढंच लिहा, आणि तो कुठल्या झाडावर होता तेही.