गावी कायमचं राहायला जाण्याआधी तालुका कसा पारखावा

जागा बघायला माणसं दिवाळीनंतर निघतात. तेव्हा ओढे वाहते असतात, डोंगर हिरवे असतात आणि कोकणातला कुठलाही तालुका मनात भरतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, सौदा करण्याआधी दोन फेऱ्या मारा, एक मेअखेर आणि एक भर जुलैत. उदाहरणाला रायगडमधलं महाड घेऊ.

१. मेअखेर पाणी बघा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही इथल्या डोंगरातल्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. उतार तीव्र आणि खाली कातळ, त्यामुळे पाणी मुरायच्या आत खाडीला मिळतं. विहिरीत दोर सोडून पाणी किती हात आहे ते स्वतः मोजा. जागा विकणाऱ्याला विचारू नका, डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला विचारा: विहीर कधी आटते, मग कुठे जाता? पुढे हिशेब करा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाचे तीन लाख लिटर पडतात. माणशी रोज ५५ लिटर धरले तर चौघांना कोरड्या आठ महिन्यांत ५३ हजार पुरतात. म्हणजे पाणी आहे, साठवण नाही. टाकीचा खर्च जागेच्या किमतीतच धरा.

२. जुलैत पूर आणि दरड बघा. २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारी नद्यांच्या पुराने महाड शहर बुडालं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावात दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली. नदीकाठ आणि डोंगराचा पायथा, दोन्ही जागा मोहात पाडतात, दोन्ही टाळा. घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा शोधा. उतारावर नव्या भेगा, कललेले खांब, अचानक फुटलेला गढूळ झरा दिसला तर तिथे थांबूसुद्धा नका.

३. बाहेर पडायचे रस्ते मोजा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. भोर-पुण्याकडे जाणारा वरंध घाटही पावसात बंद होतो. एक रस्ता तुटला तर दुसरा कोणता, हे जागेवर उभं राहून ठरवा.

४. दवाखाना. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशावरच्या प्रतिविषाचं इंजेक्शन आज शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, एवढंच विचारा. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते काम महाडलाच केलं. वेळेवर मिळालेल्या औषधाची किंमत या तालुक्याला ठाऊक आहे.

५. कागद. सातबारावरचे ‘इतर हक्क’ नीट वाचा, वहिवाटीची वाट नोंदलेली आहे का ते बघा. शेतकरी नसाल तर शेतजमीन घेता येत नाही, कूळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते.

६. शेवटी शेजारच्या घरी बसा आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घरात काय काय भरता ते विचारा. तांदूळ, नाचणी, सुकी मासळी, कोकमं, मीठ, माळ्यावरचा लाकूडफाटा. ती यादी वहीत उतरवून घ्या. पहिल्या पावसाळ्याची तुमची तयारी तिच्यावरूनच करा.