प्रोटीन स्किमर निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय नव्याने सुरू करणारे अनेकजण खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा पाहून स्किमर घेतात आणि महिन्याभरात तो कुचकामी असल्याची तक्रार करू लागतात. बहुतेक वेळा यंत्रात दोष नसतो. निवड चुकीच्या मापाने झालेली असते, नाहीतर संपमधील, म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेल्या जोडटाकीतील, पाण्याची पातळी चुकलेली असते.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून पाण्यात उतरणारे बरेचसे सेंद्रिय पदार्थ हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात. स्किमर असे असंख्य बारीक बुडबुडे तयार करतो, त्यांचा फेस मानेतून, म्हणजे यंत्राच्या वरच्या नळीतून, चढून वरच्या कपात पडतो आणि ती घाण कुजून तिचे अमोनिया व पुढे नायट्रेट होण्याआधीच टाकीबाहेर जाते. एकदा तयार झालेले नायट्रेट मात्र स्किमर काढत नाही, त्यामुळे स्किमर आहे म्हणून पाणी बदलणे सोडून देणे ही मोठीच चूक ठरते.

आता मापाविषयी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 190 लिटर पाणी मावते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की ते साधारण 150 लिटर उरते, आणि त्यात संपमधील पाणी मिळवावे लागते. खोक्यावरचा आकडा बहुधा कमी मासे असलेली टाकी गृहीत धरून दिलेला असतो. मासे जास्त असतील किंवा खाद्य सढळ हाताने पडत असेल, तर त्या आकड्याच्या निम्म्यावरच विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे. उलट, दोन क्लाऊनफिशांसाठी अवाढव्य स्किमर घेणेही योग्य नाही, कारण घाण कमी आणि मान रुंद असली की फेस कपापर्यंत पोहोचतच नाही.

टाकीखालच्या कपाटाची उंची तर अनेकजण मोजतच नाहीत. स्किमर आत मावणे पुरेसे नसते. कप वर उचलून बाहेर काढता यावा एवढी जागा वर उरली पाहिजे, नाहीतर तो धुण्याचा कंटाळा येतो आणि मानेत चिकट तपकिरी थर साचून फेस चढणेच थांबते.

सर्वांत जास्त त्रास पातळीचा होतो. संपमध्ये बसणाऱ्या प्रत्येक स्किमरसाठी उत्पादकाने पाण्याची ठरावीक खोली सांगितलेली असते. बाष्पीभवनाने घटणारी पातळी टाकीत नव्हे तर संपमध्ये दिसते, आणि कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ती घट लवकर जाणवते. म्हणून स्किमर पातळी स्थिर राहणाऱ्या कप्प्यात ठेवावा आणि रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याने घालावी, कारण क्षार वाफेबरोबर जात नाहीत. वीज गेल्यावर वरचे पाणी संपमध्ये उतरते. वीज परत येताच वाढलेल्या पातळीत स्किमर सुरू होतो आणि कप भरून वाहू लागतो. त्यामुळे स्किमर काही मिनिटे उशिरा चालू होईल अशी सोय करावी.

नवा स्किमर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, नीट फेस देत नाही. या काळात रोज झडप फिरवत बसू नये. नंतर फेस अचानक बंद पडला, तर आधी हवेची बारीक नळी पाहावी. तिच्या टोकाशी मिठाचा पांढरा खडा जमलेला असतो, आणि कोमट गोड्या पाण्याने तो सुटतो. पंपात चुन्याचा थर बसला असेल, तर पंप पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून नंतर स्वच्छ धुवावा. तेलकट खाद्य दिल्यावरही फेस काही तास खाली बसतो. त्यासाठी काहीच करावे लागत नाही. याउलट औषध, वॉटर कंडिशनर किंवा खडक चिकटवण्याची पुटी पाण्यात पडल्यावर फेस उतू जातो, तेव्हा कप काढून ठेवावा किंवा पातळी उतरवावी.

काहीजण घाट उतरून कोकण किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी आणतात. पावसाळ्यात खाडीच्या मुखाजवळचे पाणी नद्यांमुळे बरेच गोडसर झालेले असते, त्यामुळे ते मासळीला मानवत नाही आणि त्यात फेसही नीट धरत नाही. पाण्याचा खारटपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व मोजून ते 1.025 च्या आसपास आहे, याची खात्री करूनच ते पाणी वापरावे.

आपल्याकडच्या मुसळधार पावसात खिडक्या दिवसेंदिवस बंद राहतात, तेव्हा खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, स्किमर तीच हवा पाण्यात ओढतो आणि पीएच उतरतो. हवेची नळी खिडकीबाहेर नेल्यास फरक पडतो. त्याच खोलीत डास मारण्याचा फवारा मात्र कधीही मारू नये, कारण त्यातील औषध मासे आणि कोळंबी या दोघांनाही घातक असते.

शेवटची तपासणी पंपाच्या पट्टीवरची: 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ लिहिलेले असावे, आणि विक्रेत्याकडे त्याच पंपाचा इम्पेलर (आतले फिरते चाक) सुटा मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.