मूळ संख्यांमधलं अंतर घरबसल्या कसं शोधायचं

जून-जुलैत आमच्या सिंधुदुर्गात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा पडवीत पोरांना घेऊन बसायला हा मस्त उद्योग आहे. चौकटीची वही आणि पेन्सिल, बस.

1 ते 150 आकडे लिहा, पण एका ओळीत सहाच, हे महत्त्वाचं. आता 2 आणि 3 ठेवून त्यांच्या पटीतल्या बाकी संख्या खोडल्या की दुसरा, तिसरा, चौथा नि सहावा रकाना जवळजवळ साफ होतो, काम उरतं पहिल्या आणि पाचव्या रकान्यात. 1 खोडा, ती मूळ नाही (मूळ संख्या म्हणजे 1 हून मोठी, जिला 1 आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही). मग 5 आणि 7 च्या पटी खोडा, 11 ला तर नवीन दोनच मिळतात, 121 आणि 143. 13 चा वर्ग 169, तो वहीच्या बाहेर, म्हणून इथेच थांबायचं.

उरलेल्या सगळ्या मूळ संख्या, त्या ओळीने लिहून शेजारच्यांची वजाबाकी करा. 2 आणि 3 मध्ये 1, त्यानंतर कायम सम अंतर. 101-103, 107-109 अशा 2 च्या अंतराच्या जोड्या म्हणजे जोडमूळ संख्या, त्या कधी संपतात का हे अजून कोणीच सिद्ध केलेलं नाही. 2013 मध्ये गणितज्ञ यितांग झांग यांनी 7 कोटींपेक्षा कमी अंतराच्या जोड्या अनंत आहेत हे दाखवलं, पुढे इतरांनी ती मर्यादा 246 वर आणली, केवढी झेप!

मग 113 येतो आणि पुढे थेट 127, म्हणजे 14 चं अंतर. इथे घाई नको, मधल्या विषम संख्या एकेक बघा. 115 आणि 125 ला 5 ने भाग जातो, 117 आणि 123 ला 3 ने, 121 ला 11 ने, आणि 119 ला पोरं हमखास मूळ म्हणतात, पण ती 7 गुणिले 17.

आता हवं तेवढं मोठं अंतर स्वतः बनवा, मला सगळ्यात आवडतं ते हेच. 2, 3, 5, 7 चा गुणाकार 210. त्यात 2 ते 10 पैकी काहीही मिळवा, येणाऱ्या संख्येला यातल्या कुठल्यातरी एकाने भाग जाणारच, म्हणजे 212 ते 220 एकही मूळ नाही. गुणाकारात 11 घ्या, 2310 येतो, मग 2312 ते 2322 सगळ्या गेल्या. प्रत्यक्षात 2311 नंतर थेट 2333 आहे, 22 चं अंतर. फक्त गुणाकारात 1 मिळवला की मूळ संख्याच येते असं धरून चालू नका, 13 पर्यंत गेलात तर 30031 येतो आणि तो 59 गुणिले 509 आहे.