लेकरांची उंची खुंटू नये म्हणून गावाने काय करायचं?

लेकरू बुटकं दिसलं की "आमच्याकडे सगळे असेच" म्हणून विषय मिटतो. पण पाच वर्षांच्या आतली उंची कुळापेक्षा आहार, आजारपण आणि आईच्या तब्येतीवर जास्त ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. गर्भ राहिल्यापासूनचे पहिले 1000 दिवस महत्त्वाचे. तेव्हाची तूट पुढे भरून निघणं फार कठीण.

1. उंची मोजा. नुसत्या वजनावर थांबू नका. दोन वर्षांखालच्या लेकराला मोजफळीवर निजवा. एकीने डोकं वरच्या पाटीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून खालची पाटी तळव्यांना लावायची. दोनदा मोजा. दुसऱ्या वाढदिवसाला मुलगी 80 आणि मुलगा 81.7 सेंटीमीटरच्या आत असेल, तर वाढ खुंटली आहे.

2. ग्रामसभेत खुज्या लेकरांचा आकडा मांडा, नावं नकोत. कुण्या आईला मान खाली घालावी लागली, तर ती पुन्हा येणार नाही.

3. वेचणीचे दिवस सांभाळा. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. कापूस फुटला की बाया सकाळीच भाकर बांधून निघतात. लेकरू आजीजवळ, नाहीतर शाळा बुडवलेल्या बहिणीजवळ. तेवढ्या वेळात त्याच्या पोटात काय जातं, हे घरोघरी विचारा. चहा-बिस्कीट आणि वरणाचं पाणी, असंच ऐकायला मिळत असेल, तर बैठकीला आजीलाही बोलवा. सहा महिने पूर्ण झाले की चमच्यातून ओघळणार नाही असं घट्ट वरण, त्यात कुस्करलेली भाकर, वरून तेल. जोडीला अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट. आठव्या महिन्यापर्यंत दिवसाला 2-3 वेळा, नवव्यापासून 3-4 वेळा. अंगावरचं दूध दोन वर्षं तरी चालू ठेवा. हंगामापुरतं पाळणाघर बचत गट चालवू शकतो, खोली ग्रामपंचायतीने द्यावी. पेसा कायद्यात येणाऱ्या आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा (आदिवासी विकासासाठी राखलेल्या पैशाचा) 5 टक्के निधी थेट मिळतो; ग्रामसभेत तो मागा.

4. गरोदर बाईची नोंदणी 12 आठवड्यांच्या आत करा. लोहाच्या गोळ्या किमान 180 दिवस. मेळघाट, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेचं जेवण तिच्या हक्काचं आहे.

5. हगवण लागली तर ओआरएस, आशाताईंच्या सल्ल्याने 14 दिवस झिंक. खाणं बंद करू नका.

तीन महिन्यांनी तीच फळी, तीच लेकरं. ज्यांची उंची सरकली नाही, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा.