वेन आकृती अशी काढा की बघणाऱ्याला काही विचारावं लागणार नाही

नववीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलाच धडा संचांचा, त्यात वेन आकृती (कोण कशात आणि कोण दोन्हीत, ते एकमेकांवर आलेल्या गोलांनी दाखवायचं चित्र), चौकोनात दोन गोल काढले की मार्क मिळाले. पण तीच आकृती लोकांना दाखवायची म्हटली की गंमत होते. आमच्या सोसायटीत गणपतीच्या कार्यक्रमांसाठी ६० घरांचा पोल घेतला होता: नाटक ३० घरं, क्रिकेट २४, पाककला १८. मी हौसेने तीन चौकोन काढून त्यात भडक रंग भरले, आणि शेजारच्या काकूंनी विचारलं की हा चॉकलेटी कार्यक्रम कुठला? तो नाटक आणि क्रिकेट एकमेकांवर आलेला भाग होता :)

तर सगळ्यात आधी पेन बाजूला ठेवा आणि कुठली जोडी खरंच आहे ते मोजा. आमच्यात नाटक-क्रिकेट दोन्हीवाली ९ घरं, नाटक-पाककला ६, आणि क्रिकेट-पाककला शून्य, कारण दोन्ही रविवारी सकाळी एकाच वेळेला. इंग्लिश तर्कशास्त्रज्ञ जॉन वेनने १८८० मध्ये मांडलेल्या पद्धतीत सगळ्या शक्यता काढाव्याच लागतात, म्हणजे तीन गोलांना बाहेरचा धरून ८ भाग, रिकामे असले तरी. त्याच्या शंभरेक वर्षं आधीची स्विस गणितज्ञ ऑयलरची पद्धत वेगळी, जे नाही ते काढायचंच नाही. गणित शिकवताना वेन ठीक आहे, पण लोकांना माहिती सांगायची असेल तर ऑयलरचं ऐका, कारण दोन गोल एकमेकांत घुसलेले दिसले की माणूस धरूनच चालतो की तिथे कोणीतरी आहे, आत शून्य लिहिलं तरी पहिला समज तोच होतो. म्हणून आमचं क्रिकेट डावीकडे, नाटक मध्ये, पाककला उजवीकडे, टोकाचे दोघं एकमेकांना शिवत नाहीत.

मग आकार. गोलच काढा, चौकोन नको. लोकांना आकृत्या दाखवून प्रश्न विचारायचे असे प्रयोग झालेत आणि त्यात गोल सरस ठरले, कारण गोलाची कड नजरेला न अडकता फिरवता येते, चौकोनांच्या कडा एकमेकींवर आल्या की कुठली कोणाची तेच कळत नाही. आकृती तिरकी की सरळ याने मात्र फरक पडला नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका.

रंग कडेला द्या, आत भरू नका, प्रत्येक गोलाला वेगळा. लाल-हिरवी जोडी टाळा, काहींना ते दोन सारखेच दिसतात.

आता आकडे, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. नाटकाच्या गोलात ३० लिहिलं तर अर्धे लोक समजतात की फक्त नाटकवाले ३०. तर आतल्या प्रत्येक भागात त्या भागाचाच आकडा लिहायचा (फक्त नाटक १५, फक्त क्रिकेट १५, फक्त पाककला १२, मधले ९ आणि ६), आणि एकूण आकडा नावासोबत बाहेर, गोलाला चिकटून, त्याच रंगात: ‘नाटक, एकूण ३०’. सगळी बेरीज ५७, उरलेली ३ घरं बाहेर चौकटीत लिहा, तीही माहितीच आहे.

गोल लहानमोठे काढणार असाल तर एक सांभाळा, दुप्पट लोकांसाठी त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, त्रिज्या साधारण १.४ पट हवी. तरीही नुसत्या डोळ्यांनी गोलांची तुलना कोणाला नीट जमत नाही, आकडे लिहाच.

आणि चौथा कार्यक्रम आला तर? घरात चार बांगड्या असतील तर कागदावर एकमेकींवर कशाही ठेवा, बाहेरचा धरून १४ च्या वर भाग होत नाहीत, सगळ्या शक्यतांना लागतात १६. म्हणून चारसाठी लंबगोल काढतात, पण खरं सांगू का, चारच्या पुढे गोलांचा नाद सोडा आणि प्रत्येक कार्यक्रमाची एक आडवी पट्टी करा, एकाखाली एक, जिथे दोन पट्ट्या वर-खाली येतात तिथे दोन्हीवाले. दिसायला साधं वाटतं, पण वाचायला सोपं जातं.

ग्रुपवर टाकायच्या आधी पोल न बघितलेल्या एका माणसाला दाखवून विचारा, क्रिकेटला एकूण किती? १५ म्हणाला तर लेबलं परत लावा. काकूंनी दुसऱ्या वेळेला लगेच २४ सांगितलं, आणि मग हळूच विचारलं, ती बाहेरची ३ घरं कोणाची रे?