घरच्या घरी, कमी खर्चात चांगली व्हाइट वाइन

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे नाशिकला बसून हे वाचत असाल तर वाचण्यापुरतंच ठेवा. अमेरिकेत मात्र दोन प्रौढांच्या घराला स्वतःच्या वापरासाठी वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर, वाइन बनवता येते. विकायची नाही. मी न्यू जर्सीत राहतो, तेव्हा पुढचं सगळं इथल्या हिशोबाने.

पहिल्या वर्षी द्राक्षं चिरडायच्या भानगडीत पडू नका. रस पिळायच्या प्रेसचं भाडं आणि दिवसभराचा चिकचिकाट वाचतो, कारण व्हाइट वाइनला साल लागतच नाही, नुसता रस पुरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाहून आणि एप्रिल-मेमध्ये चिलीहून ताज्या रसाच्या बादल्या येतात, बहुतेक २३ लिटरच्या. पांढऱ्या द्राक्षांच्या जातींपैकी सोविन्यों ब्लां घ्या किंवा मिळाली तर शेनिन ब्लां. वाचलेले पैसे इथेच घाला, रस स्वस्तातला नको. यीस्ट किंवा सल्फाइट (रस-वाइन खराब होऊ नये म्हणून घालतात ते) आधीच घातलंय का, हे दुकानदाराला विचारून घ्या.

हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजणारी तरंगती नळी, टाकून साखर मोजा. २१ ते २३ ब्रिक्स (साधारण तितके टक्के साखर) असेल तर उत्तम, साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल मिळेल. सल्फाइट नसेल तर २३ लिटरला २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (सल्फाइटची पूड) घाला. बादली रात्रभर थंड जागी ठेवा आणि सकाळी वरचा निवळ रस नळीने दुसऱ्या भांड्यात काढा. फेसासाठी वर चार बोटं जागा हवी. भांडी, नळ्या, झाकणं आधी निर्जंतुक केलेली असावीत, हे वेगळं सांगायला नको.

५ ग्रॅमचं यीस्टचं एक पाकीट पुरतं. ३५-४० अंश कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग त्यात थोडा थोडा रस घालून निववा. एकदम थंड रसात ओतलंत तर यीस्टला धक्का बसतो.

आता तापमान. पहिल्या वर्षी मी बादली स्वयंपाकघरात ठेवली होती. २६ अंशांवर सगळं पाच दिवसांत आटोपलं. घरभर काय सुंदर वास! तो सगळा वास वाइनमधून उडालेला होता, हे चव घेतल्यावर कळलं. किण्वन (यीस्टने साखरेचं अल्कोहोल करणं) १४ ते १७ अंशांवर, दोन-तीन आठवडे रेंगाळत व्हायला हवं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. भांडं पाण्याच्या टबात ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या टबात सोडा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर यीस्ट उपाशी आहे असं समजा. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा साखर एक-तृतीयांश उतरल्यावर यीस्टचं खाद्य घातलं, तर सहसा ही वेळ येत नाही.

हायड्रोमीटरवरची घनता (पाण्याची १.०००) ०.९९५ च्या खाली आली आणि दोन-तीन दिवस तिथेच राहिली की किण्वन संपलं. इथून पुढे हवा शत्रू. गाळ मागे ठेवून वाइन १९ लिटरच्या काचेच्या कारबॉयमध्ये, म्हणजे अरुंद तोंडाच्या मोठ्या बरणीत, तोंडापर्यंत भरा, उरलेली लहान बाटल्यांत गच्च भरून ठेवा, नंतर भर घालायला कामी येते. पुन्हा २ ग्रॅम मेटाबायसल्फाइट आणि वर एअरलॉक, म्हणजे आतला वायू सोडणारं पण बाहेरची हवा आत न घेणारं बूच. अर्धवट भरलेली कारबॉय म्हणजे महिन्याभरात कापलेल्या सफरचंदासारखी तपकिरी वाइन. ओकच्या पिंपाचा मोह सोडा. या वाइनला ते शोभतही नाही.

एक-दीड महिन्याने लिटरला १ ग्रॅम बेंटोनाइट (एक प्रकारची माती) गरम पाण्यात रात्रभर भिजवून घाला, ढगाळपणा खाली बसतो. जानेवारीत कारबॉय गॅरेजमध्ये दोन-तीन आठवडे शून्य अंशाच्या आसपास ठेवा. टार्टरेटचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे, खडे तळाशी जमतील. हा फ्रीज फुकटचा, फक्त फार कडाक्याच्या रात्री कारबॉयला गोधडी गुंडाळा.

मार्चमध्ये बाटल्या भरा. धुतलेल्या जुन्या बाटल्या चालतात, बुचं मात्र नवी घ्या. भरण्याआधी मोकळं (वाइनमध्ये अजून बांधलं न गेलेलं) सल्फाइट ३० पीपीएमच्या, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या, आसपास आहे ना, ते तपासून घ्या. गोडवा हवा म्हणून साखर घालणार असाल तर यीस्टला पुन्हा वाढू न देणारं पोटॅशियम सॉर्बेटही घाला, नाहीतर बाटलीत पुन्हा किण्वन सुरू होऊन बुचं उडतात.

एका बादलीत पंचवीसेक बाटल्या निघतात. महिनाभर थांबा, वर्षाच्या आत संपवा, आणि पहिली बाटली ९-१० अंशांवर, तळलेल्या बोंबलांबरोबर.