बायोचार करताय? निदान या चुका तरी टाळा

बायोचार म्हणजे कमी हवेत लाकूडफाटा जाळून केलेला, जमिनीत घालायचा कोळसा. दरवर्षी पाऊस लागला की माझ्याकडे तेच फोन सुरू होतात, "दादा, कोळसा घातला आणि रोपं पिवळी पडली, आता काय करू?" माझा पहिला प्रश्न पण ठरलेला, कोळसा शेणखतात मुरवला होतात का? बहुतेकांचं उत्तर नाहीच असतं.

कोरा कोळसा जमिनीत घालणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केलीय म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. पहिल्या वर्षी करवंट्यांचा छान कोळसा पाडला आणि भाताच्या तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, दोन गोणी तसाच मिसळला, शेजारचा वाफा बिनकोळशाचा ठेवला. पंधरा दिवसांत तो वाफा हिरवागार आणि माझा कोळशाचा पिवळाधमक, खालची पानं आधी गेली. आई बांधावर येऊन बघून गेली, काही बोलली नाही. थोडा युरिया दिल्यावर रंग आला पण तोवर उशीर झाला होता, लावणीला तरवा कमी पडला आणि भावकीतून मागून आणायला लागला. कारण साधं आहे, कोळसा आतून छिद्राछिद्रांचा असतो, कोरा असला की जमिनीतलं नत्र आधी तोच धरून बसतो, रोपाला उरत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली जुन्या लोकांनी कोळसा घालून केलेली सुपीक काळी माती सगळे दाखवतात, पण तिथे नुसता कोळसा नव्हता हो, त्यात हाडं, खरकटं, मैला सगळं शेकडो वर्षं मुरत गेलं होतं.

आता मी कोळसा कुटून आधी गोठ्यात गुरांखाली आठवडाभर पसरतो, मूत पिऊन तो भरतो आणि गोठ्याचा वासही कमी होतो. मग एका घमेल्याला एक घमेलं शेणखत, वर पाणी शिंपडून झापाखाली (नारळाच्या विणलेल्या झावळीखाली) ढीग. महिना तरी हवाच, मी तीन महिने ठेवतो. एका रात्रीत चार्ज करा, म्हणजे मुरवा, असं सांगणारे व्हिडिओ कृपा करून बघू नका, ज्याला एवढा धीर नाही त्याने सरळ शेणखतच घालावं.

दुसरी चूक म्हणजे राखेला बायोचार समजणं. आपल्या कोकणात कवळ (झाडांच्या कोवळ्या फांद्या) तोडून, वाळवून तरव्याच्या जागेवर जाळायची, म्हणजे भाजवळ करायची सवय, त्यामुळे जाळलं म्हणजे झालं असं वाटतं. राखेत पालाश असतं, आपल्या आंबट जांभ्या मातीला ती चालतेही, पण आपल्याकडचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस ती धुऊन नेतो, कोळसा मात्र वर्षानुवर्षं राहतो. खड्डा वर रुंद खाली निमुळता घ्या, जाळ वरून लावा, वरच्या थरावर पांढरी राख धरायला लागली की लगेच पुढचा थर टाका, म्हणजे खालच्याला हवा मिळत नाही. शेवटी भरपूर पाणी. चांगला कोळसा मोडताना खणखणतो आणि हाताची काळी नुसत्या पाण्याने जाते. हात तेलकट झाला तर तो अर्धाकच्चा, परत भाजा.

ओली लाकडं घालू नका, नुसता धूर होतो. काजूच्या टरफलांचा धूर तर डोळ्यांना आणि कातडीला वाईट, त्यात तेल असतं, ती खड्ड्यात नकोच. रंगवलेली फळी, प्लायवूड अजिबात नाही.

विझला असं वाटून लगेच गोणीत भरू नका, आतला निखारा दुसऱ्या दिवशी पण पेट घेतो, मी रात्रभर उघड्यावर पसरून ठेवतो.

घाटावरच्या चुनखडीच्या जमिनीत राखमिश्रित कोळसा घालताना जपून, तिथली माती आधीच अल्कली.

आणि वरवर भुरभुरू नका. सुका कोळसा हलका असतो, पहिल्याच मोठ्या सरीत तरंगत वहाळाला (ओढ्याला) जातो. मातीत चार-सहा इंच मिसळा, कलमांना बुंध्याशी न घालता फांद्यांच्या घेराखाली चर काढून घाला. कुटताना तोंडाला ओला पंचा बांधा, ती धूळ छातीत बसते.